स्कूटरचे जुने रूप, बीडचा रस्ता आणि दुरुस्तीचा हक्क

१/ गोल दिवा, फुगीर पाठ, पत्र्याचे अंग आणि पुढच्या ढालीवर चकाकणारी पट्टी. पन्नास वर्षांपूर्वीचे हे रूप स्कूटरच्या बाजारात पुन्हा अवतरले आहे. बारामतीत बनणारी व्हेस्पा, आकुर्डीत बनणारी विजेवरची चेतक, २०२५ मध्ये विजेवर परतलेली कायनेटिक डीएक्स आणि गॅरेजमधून नव्या रंगात बाहेर पडणारी मूळ चेतक. बीडसारख्या जिल्ह्याच्या गावी रोजच्या ये-जा करण्यासाठी यांपैकी कोणती घ्यावी?

२/ प्रश्न आवडीचा वाटतो, परंतु त्याला इतिहासाची बाजू आहे. या रूपावर भाळण्याआधी ते कोठून आले, कोणाच्या वाट्याला आले आणि कोणाला दुरून पाहावे लागले, हे जाणून घेणे उचित ठरेल. थ्रेडचे म्हणणे आरंभीच सांगायचे तर: जुन्या स्कूटरचा खरा वारसा तिच्या दुरुस्तीच्या सोयीत होता, आणि बीडमध्ये स्कूटर निवडताना तोच पहिला निकष असावा.

३/ मूळ इटलीतले. दुसऱ्या महायुद्धात पोंतेदेरा येथील पियाजिओचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर एनरिको पियाजिओ यांनी सामान्य माणसासाठी स्वस्त वाहन बनवायचे ठरवले. काम सोपवले कोर्रादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याकडे. त्यांना मोटारसायकल आवडत नसे. १९४६ मध्ये व्हेस्पा जन्मली. या इटालियन शब्दाचा अर्थ गांधीलमाशी.

४/ तिचे सौंदर्य उपयुक्ततेतून आले होते. वेगळा सांगाडा नाही. वळवलेला पत्राच सांगाड्याचे काम करतो. इंजिन मागच्या चाकाशेजारी, म्हणून साखळी नाही आणि कपड्यांना तेल नाही. पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरलेले, म्हणून पंक्चर झाले की चाक पटकन बदलता येते. पुढचे, मागचे आणि स्टेपनीचे चाक एकाच मापाचे. पायांपुढील ढाल चिखल अडवते. जे आज ‘रेट्रो’ म्हणून विकले जाते, त्याची प्रत्येक रेषा अशा एखाद्या गरजेचे उत्तर होती.

५/ भारतात १९५० च्या दशकात मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा आणली. बजाज समूह १९४८ पासून दुचाकी व तीनचाकी वाहने आयात करून विकत होता. १९५९ मध्ये त्याला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओशी झालेल्या करारानुसार व्हेस्पा येथे बनू लागली. हा करार १९७१ मध्ये संपला. १९७२ मध्ये बजाजने राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन चेतक बाजारात आणली. त्याच वर्षी बीडच्या शेजारच्या नगरमध्ये कायनेटिकची लुना सुरू झाली.

६/ १९७२ हे साल बीडच्या स्मरणात मात्र वेगळ्या कारणाने आहे. तो मोठ्या दुष्काळाचा काळ. मराठवाड्यातील हजारो कुटुंबे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलाव आणि रस्ते बांधत होती. ज्या वर्षी चेतक जन्मली, त्या वर्षी या जिल्ह्यातील बहुतांश घरांना स्कूटर हा विचारही परवडणारा नव्हता. ‘साऱ्या देशाची स्कूटर’ असे आज म्हणताना हे विसरता कामा नये.

७/ ज्यांना परवडत होती, त्यांनाही ती मिळत नसे. परवाना पद्धतीत कारखान्याने किती वाहने बनवायची, हे सरकार ठरवी. मागणी मोठी, उत्पादन मर्यादित. म्हणून ‘स्कूटरचा नंबर लावणे’ हा वाक्प्रचार मराठी मध्यमवर्गाच्या भाषेत रुजला. नंबर लावल्यानंतर काही वर्षे, कधी दहा वर्षांपर्यंतही, वाट पाहावी लागे. ज्याचा नंबर आधी लागे, तो गाडी जादा पैसे घेऊन विकू शके. परकीय चलन भरणाऱ्यास रांगेबाहेर स्कूटर मिळण्याची सोय होती.

८/ याचा अर्थ स्पष्ट आहे. परदेशात नातलग असलेला शहरी माणूस पुढे, आणि जिल्ह्याच्या गावचा शिक्षक किंवा कारकून मागे. लग्नाच्या बैठकीत वरपक्षाकडून स्कूटरची मागणी होऊ लागली, तीही याच दुर्मीळतेतून. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण त्यानंतरही कित्येक घरांच्या दारातील चेतक वधूपित्याच्या कर्जावर उभी होती. स्मरणरंजनाच्या जाहिरातींत हा हिशेब येत नाही.

९/ पुढे उत्पादन वाढले. १९७५ मध्ये पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स स्थापन झाली; तिची ‘प्रिया’ अनेकांना आठवत असेल. मराठवाड्याच्या वाट्याला मोठा कारखाना १९८५ मध्ये आला: गोदावरीपलीकडे, औरंगाबादजवळच्या वाळूजला. दुष्काळी भागातील तरुणांना ऊसतोडीच्या कोयत्याखेरीज एक पर्याय दिसला. स्कूटरशी मराठवाड्याचे नाते ग्राहकापुरते उरले नाही. ते कामगाराचेही झाले.

१०/ तरीही बीड जिल्हा स्कूटरचा जिल्हा कधीच नव्हता. दहा इंची चाक शेतरस्त्याच्या खड्ड्यात बसते आणि बैलगाडीच्या चाकोरीत अडकते. १९८० च्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या, तसा शेतकरी, दूधवाला आणि पुढे ऊसतोड मुकादम तिकडे वळला. स्कूटर राहिली ती बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव अशा गावांतील शिक्षक, वकील, बँक कर्मचारी आणि दुकानदार यांच्याकडे. म्हणजे डांबरी रस्ता ज्याच्या दारापर्यंत पोहोचला, त्याच्याकडे.

११/ या मर्यादित वर्गातही ती टिकली, याचे मोठे श्रेय गल्लीतील मिस्त्रीला आहे. चेतकचे टूस्ट्रोक इंजिन समजायला सोपे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, प्लग घासून बसवायचा, क्लचची आणि गिअरची वायर बदलायची, कार्बोरेटर फुंकून साफ करायचा. किक बसली नाही तर गाडी एका अंगाला वाकवायची, हे ज्ञान शाळकरी मुलालाही होते. पोचलेला पत्रा ठोकून सरळ होई. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळत. या गाडीमागे कंपनीच्या केंद्राइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, हे पसरलेले कौशल्य उभे होते.

१२/ तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शंभर किलोंहून जड, इंजिनाच्या बाजूला झुकणारी, मनगट पिळून गिअर बदलावा लागणारी ही गाडी बहुधा पुरुषच चालवत. वडील पुढे, लहान मूल ढालीमागे उभे, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली: कुटुंबाच्या आनंदाचे म्हणून जपले गेलेले हे चित्र आईच्या परावलंबनाचेही आहे. १९८० च्या दशकात आलेली बटनावर सुरू होणारी, बिनगिअरची कायनेटिक होंडा, नंतरची स्कूटी आणि २००१ मधली ॲक्टिव्हा यांनी हँडल बाईच्या हाती दिले. शिक्षिका, परिचारिका, महाविद्यालयीन मुली यांच्या दृष्टीने खरी क्रांती ती होती.

१३/ म्हणून ‘जुने ते सोने’ हे वाक्य विचारपूर्वक वापरावे. प्रदूषणाचे नियम कडक झाले, ग्राहक मोटारसायकल आणि बिनगिअरच्या स्कूटरकडे गेला, आणि २००० च्या दशकाच्या मध्यावर जुन्या चेतकचे उत्पादन थांबले. धूर सोडणारे टूस्ट्रोक इंजिन गेले, यात हळहळण्यासारखे फार नाही. हळहळ वाटावी ती त्याबरोबर ओसरलेल्या साधेपणाची.

१४/ मग पुनरागमन झाले. २०१२ मध्ये पियाजिओने बारामतीत बनवलेली व्हेस्पा बाजारात आणली; या वेळी गरजेची म्हणून नव्हे, शौकाची म्हणून आणि त्या काळच्या साध्या स्कूटरपेक्षा बऱ्याच चढ्या किमतीला. ऑक्टोबर २०१९ मध्ये बजाजने विजेवरच्या चेतकचे अनावरण केले आणि जानेवारी २०२० मध्ये पुणे व बंगळुरूत तिची विक्री सुरू झाली. एके काळी जी गाडी पैसे असूनही मिळत नसे, तिचे रूप आता अधिक पैसे मोजले की तत्काळ मिळते.

१५/ आता निवडीकडे. पहिला पर्याय: जुनी चेतक किंवा प्रिया दुरुस्त करून वापरणे. येथे रंगापेक्षा कागद आधी पाहावेत. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवणे आवश्यक आहे. मूळ मालक हयात नसेल तर वारसांच्या सह्यांवाचून नाव बदलत नाही. कागद अपुरे असतील, तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्यावी.

१६/ एक बारकावा असा: २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. १९७२-७३ ची चेतक आज त्या वयात आली आहे. पण अशी नोंदणी घेतलेले वाहन नियमित वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ते प्रदर्शनाचे आणि जपणुकीचे वाहन ठरते. थोडक्यात, जुनी चेतक हा रविवारचा छंद म्हणून शोभतो. रोज साडेदहाला कचेरी गाठण्यासाठी तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

१७/ दुसरा पर्याय: नवी व्हेस्पा. अंग पोलादी पत्र्याचे, इंजिन फोरस्ट्रोक, गिअरची कटकट नाही. परंतु विक्रीचे दालन आणि दुरुस्तीची सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या भागासाठी संभाजीनगर किंवा अहिल्यानगर गाठावे लागत असेल, तर प्रत्येक दुरुस्तीत एक दिवसाची रजा जाते. लहान चाके, गतिरोधक आणि उखडलेले अंतर्गत रस्ते यांचाही विचार हवा. दालनासमोरच्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, बार्शी नाक्याच्या गर्दीत चालवून पाहावी.

१८/ तिसरा पर्याय: विजेवरची चेतक किंवा तत्सम गाडी. बिंदुसरेच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर, घर ते शाळा, घर ते न्यायालय, अशी बीडमधील अंतरे थोडी आहेत. रोजच्या फेऱ्यांना एका चार्जिंगची क्षमता पुरून उरते. मात्र चेतकची बॅटरी काढून घरात नेता येत नाही. म्हणून गाडी उभी करण्याच्या जागी स्वतःचा वीजजोड हवा. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्याला ही अडचण मोठी. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा सावलीची जागा ही चैन राहत नाही. बॅटरीच्या हमीपत्रातील वर्षे आणि अटी रंगाच्या आधी वाचाव्यात.

१९/ तिन्ही पर्यायांत समान प्रश्न एकच: गाडी बंद पडली तर ती उघडण्याचा अधिकार आणि ज्ञान कोणाकडे? नव्या गाड्यांचे दोष संगणक जोडून शोधावे लागतात, आणि तो संगणक अधिकृत केंद्रातच असतो. रूप १९७२ चे, पण आत गल्लीतील मिस्त्रीला प्रवेश नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि पोर्टल उघडले, वाहनक्षेत्र त्यात समाविष्ट आहे. तरीही सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचत नाही, तोवर हा हक्क कागदावरचा राहील. आयटीआयमध्ये शिकणाऱ्या बीडच्या मुलासाठी हा थेट रोजगाराचा प्रश्न आहे.

२०/ यावर आक्षेप येईल की हौसेला हिशेब नसतो. हौस खरीच, आणि सौंदर्याचा अधिकार पुण्या-मुंबईपुरता राखीव नाही. ज्या जिल्ह्याने नंबर लावून वाट पाहिली, त्याने आज मनाजोगती गाडी घेतली तर कोणी नाक मुरडू नये. पण हप्त्यावर घेतलेली देखणी गाडी एका न मिळणाऱ्या भागापायी तीन आठवडे अंगणात उभी राहिली, तर ती हौस राहत नाही, ओझे होते.

२१/ तेव्हा बीडमध्ये या रूपाची स्कूटर घेणाऱ्याने क्रम असा ठेवावा: प्रथम जवळचा दुरुस्त करणारा, मग घरातील प्रत्येकाला, विशेषतः स्त्रियांना, ती पेलते का हे, मग कागद व हमी, आणि शेवटी रंग. दास्कानिओंनी आधी गरज पाहिली, रूप मागाहून आले. हा क्रम पाळला, तर जुन्या स्कूटरचा मान राखला गेला असे म्हणता येईल.