एकनाथचं नेमकं चुकलं कुठं? : ‘बारोमास’ शिकवताना



शोकात्म नायक शिकवायचा झाला की आपण फळ्यावर एक व्याख्या लिहून देतो. नायक मोठा असतो, त्याच्या स्वभावात एखादा दोष असतो, त्या दोषापायी त्याच्या हातून चूक घडते आणि त्याचा नाश होतो. सोबत ॲरिस्टॉटलचं नाव सांगतो, ‘हॅमार्शिया’ हा शब्द लिहून घ्यायला लावतो. खरं तर या शब्दाचा अर्थ चूक किंवा गफलत एवढाच. शिकवता शिकवता आपण त्याचा ‘स्वभावदोष’ करून टाकला. मग चाचणीत ठरलेला प्रश्न येतो : ‘नायकाच्या शोकांतिकेला त्याचा कोणता दोष कारणीभूत आहे ते सोदाहरण लिहा.’ गुण पाच.

‘नटसम्राट’च्या बाबतीत हा प्रश्न बरोबर लागू पडतो. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकात अप्पासाहेब बेलवलकर आपलं होतं नव्हतं ते मुलांना वाटून टाकतात. भरलं ताट द्यावं पण बसता पाट देऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात ते त्यांना उमगत नाही. शेक्सपिअरचा किंग लिअरही असाच राज्य वाटून मोकळा होतो. दोघांची चूक बोट ठेवून दाखवता येते. मुलंही पटापट उत्तर लिहितात.

अडचण आली ती आपल्याच मातीतली कादंबरी हातात घेतली तेव्हा. सदानंद देशमुख हे आपल्या जिल्ह्यातले, चिखली तालुक्यातल्या अमडापूरचे. त्यांची ‘बारोमास’ २००२ साली आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कादंबरीचा नायक एकनाथ शेतकऱ्याच्या घरातला, भरपूर शिकलेला. पण नोकरीसाठी संस्थेत भरायला पैसे नाहीत, म्हणून पदव्या पेटीत ठेवून तो वावरात उतरतो. घरात नानुआजा आहेत, कर्जानं आणि नापिकीनं पिचलेले वडील सुभानराव आहेत, राबणारी शेवंतामाय आहे, शेतीवरचा विश्वास उडालेला धाकटा भाऊ मधू आहे. आणि नोकरदार नवऱ्याचं स्वप्न घेऊन सासरी आलेली बायको अलका आहे. ती शेवटी त्याला सोडून जाते.

मी सवयीनं तोच प्रश्न दिला. एकनाथचा दोष कोणता? कुणी लिहिलं भिडस्तपणा, कुणी लिहिलं निर्णय न घेणं. एका पोरानं मात्र एकच ओळ लिहिली होती : ‘एकनाथ शिकला, हाच त्याचा दोष.’ स्पष्टीकरण नाही, उदाहरण नाही. मी त्याला पाचपैकी एक गुण दिला. वर लाल शाईनं ‘मुद्दा विस्ताराने मांडा’ असा शेराही मारला.

घरी आल्यावर ती ओळ डोक्यातून जाईना. कारण तुम्हीच सांगा, एकनाथनं चुकीचं काय केलं? शाळेनं सांगितलं शिक, तो शिकला. आई-बापानं सांगितलं नाव काढ, त्यानं मान खाली घालून अभ्यास केला. नोकरी लागली नाही तर आळस न करता शेतीत राबला. अप्पासाहेबांनी कुणाचा तरी शहाणा सल्ला ऐकला असता तर वाचले असते. एकनाथ तर सगळ्यांचे सल्ले ऐकूनच इथवर पोचला.

माझं म्हणणं एवढंच आहे. बदलत्या काळातल्या नायकाला जुन्या व्याख्येच्या मापानं मोजायला गेलो, तर जिथं दोष नाही तिथं आपण तो शोधून काढतो. आणि आपल्या जिल्ह्याच्या वर्गात हे फक्त वाङ्मयीन चूक म्हणून सोडून देता येत नाही. २००६ साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. कादंबरी त्याच्या चार वर्षं आधीची. आपल्यासमोर बाकावर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी, कुणाच्या भावकीत काय घडून गेलंय, ते हजेरीपटावर लिहिलेलं नसतं. ‘शेतकरी नायकाचा दोष सांगा’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा एखादं लेकरू मनातल्या मनात आपल्या बापाचा दोष शोधत असतं.

मग शोकांतिका घडते कशानं? माझ्या मते एका घरात एकाच वेळी दोन-तीन काळ नांदतात म्हणून. नानुआजांसाठी वावर म्हणजे माय. ती विकायची नसते. सुभानराव त्याच वावराच्या जिवावर कर्ज फेडायचं बघतात. धाकट्या पिढीला त्यात आपलं भविष्य दिसत नाही. आपापल्या जागी कुणीच खोटं नाही. पण एका चुलीवर हे सगळं शिजत नाही आणि घर फुटतं. आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) आठवून पाहा. तिथं मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि जनावरांनाच गोतावळा मानणाऱ्या नारबाचं जग उठून जातं. ट्रॅक्टर काही खलनायक नाही. तरी नारबा उजाडतो, कारण नव्या व्यवस्थेत त्याची जागाच कुणी ठेवलेली नसते.

अलकाबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत. वर्गात, आणि खरं सांगायचं तर शिक्षक-खोलीतही, तिच्यावर सगळे तुटून पडतात. ‘नवऱ्याच्या वाईट काळात सोडून गेली.’ पण तिची बाजू वर्गात मांडून बघा. शिकलेला मुलगा आहे, आज ना उद्या नोकरी लागेल, या भरवशावर तिचं लग्न झालं. जो शब्द शाळेनं एकनाथला दिला, तोच समाजानं अलकालाही दिला होता. दोघंही एकाच आश्वासनाला फसले. तिचं जाणं पटो न पटो, पण तिला खलनायिका केलं की सगळा दोष पुन्हा एका माणसाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. आपल्या वर्गातल्या मुलीही हे सगळं ऐकत असतात, हे विसरू नका.

आता आपल्याकडे येऊ. ‘शिकला नाहीस तर ढोरं वळशील’ हे वाक्य कुणी म्हटलं नाही? मी म्हटलंय. पालकांनो, तुम्हीही म्हटलं असेल. हेतू चांगलाच असतो. पण त्या एका वाक्यात आपण लेकराला दोन गोष्टी शिकवतो : तुझ्या बापाचं काम ही शिक्षा आहे, आणि शिकलास की यातून सुटका नक्की आहे. पहिली गोष्ट अपमानाची आहे, दुसरी खरी नाही. एकनाथ मोडतो तो या दोन्हींच्या मधे. शेतात मन लावावं तर शिक्षण वाया गेल्याची बोच, नोकरीची वाट पाहावी तर वय चाललंय.

याचा अर्थ पोरांना शिकवू नका असा कृपा करून घेऊ नका. शिकवा, भरपूर शिकवा. फक्त शिक्षण म्हणजे नोकरीची पावती असं सांगू नका आणि शेतीची भीती घालू नका. घरात कर्जाचं, पिकाचं, भावाचं बोलणं चाललं असेल तर मोठ्या मुला-मुलींना बाहेर काढू नका, बसू द्या. निदान आपल्या घराची गोष्ट त्यांना कळू द्या.

शिक्षकांसाठी एक छोटी सूचना. ‘दोष कोणता’ या एका प्रश्नाऐवजी तीन प्रश्न देऊन बघा : नायकाला कुणी कोणता शब्द दिला होता? तो कुणी मोडला? त्याच्या जागी तुम्ही असता तर कुणापाशी बोलला असता? जोडीला गृहपाठ द्या. आजोबांच्या वावरात काय पिकायचं, आता काय पिकतं, त्यांच्या रोजच्या बोलण्यातले कोणते शब्द तुम्हाला कळत नाहीत, हे घरी विचारून लिहून आणा. ज्वारी-कपाशीपासून सोयाबीनपर्यंत आणि बैलजोडीपासून भाड्याच्या ट्रॅक्टरपर्यंतचा सगळा सांस्कृतिक बदल त्या एका पानात उतरतो. वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

त्या पोराला मी पुढच्या तासाला बोलावलं आणि एकाचे चार गुण केले. पाच का नाही, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, विस्तार केला नाहीस. तो म्हणाला, ‘सर, घरचं आहे, किती लिहू?’