सामना एक, बुडालेली मजुरी दोन दिवसांची!

दिवाळी सरली की वरूड-मोर्शी पट्ट्यात दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. एक, आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी आणि दुसरी, खुल्या कबड्डी स्पर्धा. दोन्हीकडे पोरं बहुतेक तीच. दिवसा बागेत कॅरेट उचलणारा रात्री लाइटाखाली चढाईला जातो. मोठ्या स्पर्धांआधी संघाचा कस इथेच लागतो. पण या स्पर्धांचे गणित खेळाडूच्या बाजूचे आहे का?

बाद पद्धतीत काय होते?
हरला तो बाहेर. १६ संघ असतील तर १५ सामन्यांत निकाल लागतो. आयोजकांना हे सोयीचे. दोन रात्रींत स्पर्धा आटोपते. मात्र, त्यातले ८ संघ एकच सामना खेळून परततात. ४० मिनिटांच्या खेळासाठी प्रवेश फी, गाडीभाडे आणि दोन दिवसांची मजुरी जाते. गुडघा दुखावला तर महिनाभराची.

रग्बीशी काय संबंध?
हाच प्रश्न इंग्लंडमध्ये १८९५ मध्ये पेटला होता. उत्तरेकडील खाण आणि गिरणी कामगार खेळाडूंनी बुडालेल्या कामाचा मोबदला मागितला. रग्बी संघटनेने नकार दिला. तेव्हा २९ ऑगस्टला हडर्सफील्डच्या एका हॉटेलात क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. त्यातूनच ‘रग्बी लीग’ हा १३ खेळाडूंचा खेळ उभा राहिला. लँकेशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांचे बाद पद्धतीचे चषक १९०५ पासून १९९० च्या दशकापर्यंत चालले. म्हणजे बाद पद्धत वाईट नाही; खेळाडूची भाकर विसरणे वाईट.

आपल्याकडे काय करता येईल?
पहिले, पहिल्या फेरीत हरलेल्या ८ संघांसाठी वेगळा चषक ठेवावा. फक्त ७ सामने वाढतात; एकूण २२. प्रत्येक संघाला किमान दोन सामने मिळतात. दुसरे, पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून बाहेरगावच्या प्रत्येक संघाला प्रवासखर्च द्यावा. तिसरे, प्रवेश फीतूनच अपघात विमा काढावा आणि मैदानावर प्रथमोपचाराची सोय ठेवावी.

‘बक्षीस कमी केले तर नामांकित संघ येणार नाहीत’, असे आयोजक म्हणतील. हा मुद्दा खोटा नाही. पण नामांकित संघ एका रात्रीची गर्दी आणतात. गावोगावचे साधे संघ स्पर्धा वर्षानुवर्षे टिकवतात.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. त्या जिल्ह्यात खेळाडूला हरल्यावर निदान घरी जायचे भाडे मिळावे, ही मागणी फार मोठी नाही. यंदा फलकावर बक्षिसाच्या आकड्याखाली ‘प्रवासखर्च व विमा’ एवढे दोन शब्द छापून सुरुवात करता येईल.