चढायची वेळ सगळे ठरवतात, परतायची कोण ठरवणार?

भिवंडी : पावसाने जोर धरला की ठाणे जिल्ह्यात एक आदेश निघतो. धबधबे, धरणं, तलाव, नदीकाठ इथं पर्यटकांना बंदी. अलीकडच्या वर्षांत या यादीत मुरबाडचे सिद्धगड, गोरखगड आणि माळशेज घाटातले धबधबे आले, शहापूरचा माहुली किल्ल्याचा पायथा आला, भिवंडी तालुक्यातला नदीनाका आणि गणेशपुरीचा नदीपरिसरही आला. पूर्वी हा आदेश कलम 144 खाली निघायचा. जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 लागतं. कलम बदललं, रविवारची गर्दी काही बदलली नाही. नाक्यावर पोलीस दिसले की गाड्या आडवाटेने डोंगराला लागतात.

बंदी चूक की बरोबर, यावर दरवर्षी वाद होतो. पण बंदी फक्त "जाऊ नका" एवढंच सांगते. गेलेल्या माणसाने कुठं थांबायचं, किती वाजता मागे फिरायचं, हे कोणी सांगत नाही. आणि अपघात बहुतेक तिथंच होतो.

अनुभवी माणसालाही डोंगर सोडत नाही

"नवखी पोरं जातात, रील काढतात आणि पडतात," असं गावात सहज बोललं जातं. त्यात तथ्य आहे. 16 जुलै 2024 ला रायगडमधल्या माणगाव तालुक्यात कुंभे धबधब्याजवळ मुंबईची एक तरुणी व्हिडिओ काढताना दरीत कोसळून गेली, तेव्हा राज्यभर हीच चर्चा झाली. पण दोष फक्त नवख्यांना देऊन भागत नाही.

जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याजवळ ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा मृत्यू झाला. साठीच्या घरातला माणूस. सह्याद्रीतले कडे, घळी, नाळा यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. कितीतरी पोरांना त्यांनी दोर धरायला शिकवलं. कोकणकडा त्यांना अंगणासारखा माहीत होता. त्या दिवशी मोठा गट दोराने खाली उतरणार होता. त्या कामात असतानाच ते दरीत कोसळले. दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला. ना रील होती, ना हुल्लडबाजी.

कोकणकड्याचा पायथा आपल्याच जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या वाल्हिवरे-बेलपाडा भागात येतो. तिथल्या लोकांना हे नवीन नाही. अनुभवाने धोका कळतो, धोका कमी होत नाही. उलट शंभर वेळा सुखरूप परत आलेल्या माणसाला एकशे एकाव्या वेळी भीती कमी वाटते. शेतात फवारणी करताना पहिल्या वर्षी तोंडाला फडकं बांधणारा गडी दहाव्या वर्षी उघड्या तोंडाने फवारतो. औषध तेवढंच विषारी असतं.

थांबले म्हणून परतले

त्याच कोकणकड्याची दुसरी गोष्टही आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याण-ठाण्याकडचे सुमारे वीस गिर्यारोहक तिथं अडकले. संध्याकाळ झाली, अंधार पडला. अंधारात चाचपडत पुढं जाण्यापेक्षा ते आहे त्या जागी थांबले आणि कड्यावरच रात्र काढली. दुसऱ्या दिवशी बचाव पथकं आणि स्थानिकांच्या मदतीने सगळे सुखरूप बाहेर आले. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. वेळेचा अंदाज चुकला, हे खरंच. पण चूक झाल्यावर ती आणखी वाढवायची नाही, हे त्यांना जमलं. एका रात्रीची थंडी आणि उपास यांवर भागलं.

एव्हरेस्टवर वेगळं काही नाही

जगातल्या सर्वात उंच डोंगरावरही हाच प्रश्न आहे. 22 मे 2019 ला एव्हरेस्टच्या माथ्याजवळ लागलेल्या रांगेचा फोटो जगभर गाजला. त्या हंगामात नेपाळने 381 परवाने दिले होते. तेव्हा एका परवान्याची सरकारी फीच 11 हजार डॉलर होती. त्या हंगामात अकरा जण गेले. त्यात ठाण्याच्या एक महिला गिर्यारोहक आणि पुण्याचा एक तरुणही होता. आठ हजार मीटरच्या वर हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश. तिथं रांगेत खोळंबलेल्या माणसाच्या नळकांड्यातला ऑक्सिजन आणि अंगातली ताकद दोन्ही संपत जातात. रांग लावणारा माणूस चुकीचा असतो असं नाही, पण रांग जीव घेते.

त्याआधी 10 मे 1996 ला एव्हरेस्टवर वादळ झालं आणि आठ जण गेले. रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन नावाजलेले वाटाडे त्यात होते. शिखर गाठो न गाठो, दुपारी ठरलेल्या वेळी मागे फिरायचं, हा तिथला जुना नियम. त्या दिवशी तो पाळला गेला नाही. कित्येक जण दोननंतरही वरच होते. पण हॉलच्याच तुकडीतले तिघे साडेअकराच्या सुमारास पुढची गर्दी पाहून मागे फिरले. त्यांनीही तेवढेच पैसे भरले होते, तेवढीच वर्षं स्वप्न पाहिलं होतं. ते तिघे घरी पोचले.

अमेरिकेचे एड व्हीस्टर्स 1987 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यापासून सुमारे तीनशे फुटांवरून परत फिरले. तीन वर्षांनी पुन्हा गेले आणि शिखर केलं. पुढं 2005 पर्यंत आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं त्यांनी कृत्रिम प्राणवायूशिवाय पूर्ण केली. तीनशे फुटांवरून मागे फिरला म्हणून त्यांना कोणी भित्रा म्हटलं नाही.

पाय मागे का फिरत नाहीत?

भिवंडीत गोदामांत, यंत्रमागावर काम करणारी तरुण पोरं सुट्टीच्या दिवशी दुगाडच्या गुमताऱ्यावर, माहुलीवर, नाहीतर गोरखगडावर जातात. आठवडाभर पत्र्याखाली घाम गाळल्यावर डोंगर हवासा वाटणारच. त्यात वाईट काही नाही. मागे न फिरण्याची कारणं मात्र नेहमीची आहेत.

पहिलं, पैसा. बस ठरलेली, माणशी पैसे भरलेले. पाऊस वाढला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आणलं तर लोक पैसे परत मागतील, ही आयोजकाला धास्ती.

दुसरं, लाज. दहा जणांत एकाला वाटतं की आता पुरे. तो बोलत नाही, कारण बाकीचे हसतील. प्रत्यक्षात बाकीच्यांतल्या चौघांना तेच वाटत असतं.

तिसरं, आपलं किल्ल्यांवरचं प्रेम. गड अर्धवट सोडला तर महाराजांचा अपमान झाला, असं काहींना वाटतं. पण जिथं जिंकणं शक्य नाही तिथून माणसं वाचवून निघणं, हे स्वराज्याच्या लढाईतलंच शहाणपण आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज बाहेर पडले, ते पुन्हा लढण्यासाठीच.

चौथं, उतरणीचा विसर. सगळा जोर माथ्यावर पोचण्यात खर्च होतो. निसरडी वाट, दमलेले गुडघे आणि कमी होत चाललेला उजेड हे सगळं उतरताना एकदम समोर येतं. गुमताऱ्यासारख्या रानातल्या किल्ल्यावर पावसाळ्यात गवत वाढतं, वाट झाकली जाते. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही.

भार पायथ्याच्या गावावर

डोंगरात कोणी अडकलं की पहिला फोन पायथ्याच्या पाड्यात येतो. जुलैत तिथं आवणीची घाई असते. चिखलातली मुठी तशीच टाकून गडी वर धावतात, कारण वाट त्यांनाच माहीत. मागून पोलीस येतात, बचाव पथकं येतात. ही पथकंही बहुतेक स्वयंसेवकांची. स्वतःची नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री दोर घेऊन निघणारी माणसं. झोळी खांद्यावर घेऊन घसरत्या वाटेने उतरताना त्यांचाही जीव टांगणीलाच असतो. म्हणजे "माझा जीव, माझी मर्जी" हे डोंगरात खरं ठरत नाही.

दुसरीकडे सरसकट बंदी आली की त्याच पाड्यातली झुणका-भाकरीची चूल थंड पडते, वाटाड्या म्हणून मिळणारी रोजी जाते. म्हणून गावाला बंदीही नको असते आणि अपघातही.

गाव काय करू शकतं?

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं ते सांगतं. आयोजकाकडे नोंदणी आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारायला काही लागत नाही.

त्याहून सोपी गोष्ट ग्रामपंचायत आणि वन समितीच्या हातात आहे. पायथ्याला एक वही आणि एक फलक. वहीत नाव, फोन, किती जण गेले, किती वाजता गेले. फलकावर मोठ्या अक्षरांत परतीची वेळ : "माथा गाठला असो वा नसो, इतक्या वाजता मागे फिरा." ती वेळ गावातल्या जाणत्यांनी ऋतू पाहून ठरवावी. ओढ्याचं पाणी कुठल्या दगडाला लागलं की वाट बंद, हे मुंबईच्या माणसाला कळणार नाही. पाड्यातल्या गुराख्याला ते पाठ असतं. संध्याकाळी वहीत कोणाची परतीची नोंद नसेल तर अंधार पडायच्या आत 112 वर फोन करता येतो. मध्यरात्री शोध सुरू करण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आणि जाणाऱ्यांनी परतीची वेळ पायथ्याशीच, सगळ्यांसमोर ठरवावी. वर गेल्यावर माथा जवळ दिसतो आणि "अजून दहाच मिनिटं" असं मन म्हणू लागतं. खाली ठरलेली वेळ असली की "पुरे" म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही, कारण तो फक्त ठरलेलं आठवून देत असतो.

माहुली पुढच्या रविवारी तिथंच असणार आहे. गुमताराही कुठं जात नाही.