लक्षद्वीपला टेट्रापॉड नकोत, जिवंत पोवळं हवं

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, मालदीवच्या काही मंत्र्यांनी त्यावर नको ते लिहिलं, आणि एका रात्रीत अख्खा देश लक्षद्वीपप्रेमी झाला. मालदीवची बुकिंगं रद्द करून स्क्रीनशॉट टाकणाऱ्यांत माझ्या यादीतलेही बरेच जण होते. प्रेम असावं, ना नाही. पण ज्याच्यावर प्रेम करताय त्याचा आकार तरी माहीत करून घ्या. सगळ्या बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४ हजारांच्या वर. समुद्रसपाटीपासून उंची बऱ्याच ठिकाणी जेमतेम एक-दोन मीटर. नारळ आणि मिनिकॉयचं जुनं दीपगृह सोडलं तर पाणी आलं म्हणून चढून बसावं असं तिथे फारसं काही नाही.

त्यातलं एक बेट गेलंसुद्धा. बंगारमच्या प्रवाळवलयातलं परली-१. १९६८ साली ते ०.०३२ चौरस किलोमीटर होतं, म्हणजे साधारण आठ एकर. २०१७ मध्ये त्यावरचा अभ्यास लोकांसमोर आला तेव्हा तिथे फक्त पाणी होतं. माणसं राहत नव्हती, त्यामुळे बातमी चार दिवसांत विरली. शेजारच्या बेटांचीही धूप त्याच अभ्यासात नोंदवली आहे.

आता बेट झिजतंय म्हटल्यावर सरकारी यंत्रणा काय करते? काँक्रीटचे टेट्रापॉड टाकते. मुंबईच्या मरिन ड्राइव्हला बघता ना, तेच चार पायांचे ठोकळे. मग फोटो निघतो, ‘किनारा संरक्षित’ असं कागदावर लिहिलं जातं.

मी मालवण तालुक्यातला. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ हा शब्द आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहे. दगड टाकायचे, उधाणात ते खचायचे, पुन्हा मागणी, पुन्हा निविदा. आणि जिथे बंधारा संपतो तिथून पुढच्या माणसाची पुळण खायला सुरुवात होते, मग तोही बंधारा मागतो. ज्याच्या मागच्या दारात लाट येते त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आमचं एक बरं आहे, नदी वरच्या डोंगरातून थोडीफार माती-वाळू आणून टाकते. लक्षद्वीपला नदी नाही आणि डोंगरही नाही. मग तिथली ती पांढरीशुभ्र वाळू, जिच्यावर लोळून तुम्ही रील काढता, ती येते कुठून?

ती प्रवाळातून येते. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राणी. ते चुन्याचं घर बांधत जातात, त्याची भित्ती होते. लाटा ती थोडी थोडी फोडतात. पॅरटफिश नावाचा चोचवाला मासा मेलेल्या पोवळ्यावरचं शेवाळ खरवडताना चुनाही गिळतो आणि वाळू करून मागून सोडतो. हसू नका, बेटाची जमीन अशीच तयार होते. त्यात शिंपल्यांचा चुरा आला, चुनखडी धरणाऱ्या शेवाळाचा भुगा आला. लाटा हा सगळा माल उचलून बेटावर आणून टाकतात. म्हणजे बेट हे एक खातं आहे. रोज थोडं जमा, रोज थोडं खर्च. आपण मात्र फक्त खर्चाच्या बाजूला टेट्रापॉड लावत बसलोय, जमेच्या बाजूकडे कुणी बघायलाच तयार नाही.

दुसरी गोष्ट, लाट अडवतं कोण? जगभरच्या प्रवाळभित्तींची मोजमापं एकत्र करून २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की भित्ती लाटेची सरासरी ९७ टक्के ताकद खाऊन टाकते, आणि त्यातला मोठा वाटा भित्तीच्या वरच्या कडेचा आहे. लक्षद्वीपची बहुतेक बेटं आपापल्या वलयाच्या पूर्वेकडच्या बाजूला आहेत. पश्चिमेला भित्ती, आणि दोघांच्या मध्ये उथळ निळं पाणी, म्हणजे लगून. नैऋत्य मोसमी वाऱ्याचा सगळा मार ही भित्ती घेते, उरलेली लाट लगूनमध्ये थकते, आणि मग बेटाला टेकते. ती भित्ती मेली की झिजून खाली बसणार, पाणी तिच्यावरून सरळ आत येणार. तेव्हा किनाऱ्यावर कितीही ठोकळे रचा. आणि पाणी आत आलं की घराआधी विहीर जाते. बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. तो एकदा बिघडला की सुधारायला वेळ लागतो, आणि पाणी दरवर्षी येऊ लागलं तर सुधारतच नाही.

या भित्तीची आजची तब्येत काय आहे? १९९८, २०१०, २०१६, आणि परत २०२४. इतक्या वेळा समुद्र तापला आणि पोवळी पांढरी पडली. अगत्ती, कडमत आणि कवरत्तीला संशोधकांनी २४ वर्षं पाण्यात उतरून नोंदी ठेवल्या. जिवंत प्रवाळ १९९८ला ३७ टक्के होतं, ते १९ टक्क्यांवर आलंय. जवळजवळ निम्मं. सावरायला सलग काही शांत वर्षं लागतात आणि समुद्र आता तेवढी उसंत देत नाही.

इथे लगेच कुणीतरी लिहिणार, ‘साहेब, समुद्र वाढणारच आहे, ही बेटं बुडणारच आहेत, तोवर चार पैसे कमावू दे की लोकांना.’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते बिल्डरच्या फार सोयीचं आहे आणि वर अर्धवट आहे. तुवालूचं नाव ऐकलं असेल, बुडणारा देश म्हणून. तिथल्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ ची चित्रं ताडून पाहिली तेव्हा एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली निघाली. सगळीच बेटं वाढली असं नाही, काही घटलीही. प्रवाळाचं बेट दगडासारखं एका जागी बसत नाही. एका टोकाला झिजतं, दुसऱ्या टोकाला भरतं. ऋतूनुसारही वाळू इकडची तिकडे होते. त्यामुळे पावसाळ्यानंतरचा एक फोटो दाखवून ‘किनारा दहा मीटर गेला’ म्हणणं हा अभ्यास नव्हे, आणि मार्चमधला फोटो दाखवून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणं हाही नव्हे. जिवंत भित्ती आणि हलायला मोकळी जागा, एवढं असेल तर बेट झुंजू शकतं. आपण दोन्ही काढून घेतो आणि वर म्हणतो निसर्गापुढे इलाज नाही.

आता ढोंग बघा. २०२१ मध्ये मच्छीमारांच्या जाळी-सामान ठेवायच्या शेड पाडल्या, का तर किनाऱ्याचे नियम मोडतात. त्याच वर्षी कवरत्तीत भरतीरेषेपासून २० मीटरच्या आत घरं असलेल्या लोकांना नोटिसा गेल्या, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. आणि त्याच वर्षी, त्याच प्रशासनाने मिनिकॉय, सुहेली आणि कडमतला मालदीवसारख्या बीच व्हिला आणि पाण्यावरच्या व्हिलांसाठी जगभरातून निविदा मागवल्या! जानेवारी २०२३ मध्ये टाटांच्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कडमतला दोन ‘ताज’ जाहीर केली. सुहेलीत ५० आणि कडमतला ३५ खोल्या थेट पाण्यावर. म्हणजे होडीवाल्याचं झापाचं छप्पर २० मीटरच्या आत चालत नाही, पण लगूनमध्ये खांब ठोकलेले चालतात. कुठल्या मोजपट्टीने मोजतात हे, मला कुणीतरी समजावून सांगा.

आणि मोजपट्टी नव्हती असंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांची समिती नेमली होती. प्रत्येक बेटाचा वेगळा आराखडा, बेटाला झेपेल तेवढंच काम, आणि विकासकामं तिथल्या निवडून आलेल्या पंचायतींना विचारून. त्या समितीला काय अक्कल नव्हती?

‘पण बेटावरचे लोकच बंधारे मागतात.’ मागतात, खरं आहे. देवबागचेही मागतात. दवाखाना, जेटी, दाट वस्ती वाचवायला काही ठिकाणी भिंत लागेलही. माझा विरोध बेटाभोवती बांगडी भरल्यासारखी भिंत घालण्याला आहे. रोजगाराचं म्हणाल तर तिथला मुख्य धंदा ट्यूनाचा, आपल्याकडचा कुपा. तोही काठी आणि गळ लावून एकेक पकडायचा. माणूस बाहेरच्या खोल समुद्रात पोट भरत राहिला म्हणून भित्तीवरचे मासे इतकी वर्षं वाचले. आता गोबरा आणि भित्तीवरच्या बाकीच्या माशांना बाहेरचं गिऱ्हाईक मिळतंय. हॉटेलं वाढली की तेच मासे ताटात येणार, कारण पाहुण्याला ‘लोकल फिश’ हवा असतो. आपल्या तारकर्लीत काय झालं ते आठवा.

हॉटेलला परवानगी देताना प्लॉट बघतात, सांडपाण्याची टाकी बघतात. आधी भित्ती बघा ना! जिवंत प्रवाळ किती, पॅरटफिश किती, वाळू वर्षाला किती तयार होते, ती कुठून कुठे जाते, लगूनमधलं समुद्री गवत टिकून आहे की नाही, विहिरीचं पाणी उन्हाळ्यात किती खारट होतं. हे निदान पाच-सहा वर्षं, दोन्ही ऋतूंत मोजा आणि मल्याळममध्ये आणि मिनिकॉयकरांसाठी महलमध्ये छापून पंचायतीच्या फळ्यावर लावा. तोपर्यंत लगूनमध्ये एकही खांब नको.

आणि तुम्ही. लक्षद्वीपला जाण्यासाठी परवाना लागतो, तो काढून देणारा टूरवाला तुम्हाला फोनवर सगळं सांगतो. त्याला पुढच्या वेळी एवढंच विचारा, राहायची खोली बेटावर आहे की पाण्यावर? पाण्यावर असेल तर पैसे भरू नका.