देव नाही, मग आहे काय?

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर देव आहे की नाही यावर वाद हमखास रंगतो. मी देव मानत नाही हे अख्ख्या विंगला ठाऊक आहे. त्यामुळे फिरून फिरून प्रश्न माझ्याकडेच येतो, "ठीक आहे, देव नाही. मग तुझ्याकडे आहे काय?"

प्रश्न रास्त आहे. 'नास्तिक' या शब्दातून मी काय मानत नाही, एवढंच कळतं. नुसत्या नकारावर कुणी सकाळी आठच्या लेक्चरला उठत नाही (आस्तिकही उठत नाहीत, ते सोडा!). म्हणून मला 'मानवतावादी' हा शब्द जवळचा वाटतो. माणसाचं दुःख माणसानंच कमी करायचं, त्यासाठी डोकं वापरायचं, आणि हे वरून कुणी बघतंय म्हणून करायचं नाही.

हे काही परदेशातून आणलेलं खूळ नव्हे. आपले आगरकर घ्या. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला, तेव्हा दम्यानं शरीर पोखरलेलं होतं. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ मध्ये वयाची चाळिशीही न गाठता ते गेले. स्वतःच्या अंत्यविधीचा भार कुणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. स्वर्ग नाही, पुनर्जन्म नाही, हाताशी वेळही थोडा. तरी हा माणूस विधवांच्या केशवपनाविरुद्ध लिहीत राहिला. याच्या जगण्यात अर्थ नव्हता असं कोण म्हणेल?

पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांनी नवमानवतावाद मांडला आणि १९४८ मध्ये चक्क स्वतःचा पक्षच विसर्जित केला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्यांचे सहकारी होते. आणखी एक सासवडचे वि. म. तारकुंडे. हायकोर्टाचे न्यायाधीश असलेल्या या गृहस्थांनी १९६९ मध्ये ते पद सोडलं, आणि आणीबाणीत जयप्रकाशांबरोबर नागरी स्वातंत्र्याचं काम उभं केलं. आपल्या सिलॅबसमध्ये यातलं कुणी नाही, पण लायब्ररीत शोधलं तर सापडतील.

आता दुसरी बाजू. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या एकाचे वडील अचानक गेले. फोन आला रात्री दीडला. एका मित्रानं त्याला सांगितलं, "देवाला चांगली माणसं लवकर लागतात." मला असलं वाक्य उच्चारता येत नाही. अशा वेळी धर्माकडे शब्द असतात, विधी असतात, तेरा दिवस घरात माणसांची ये-जा असते. आमच्याकडे यातलं काही तयार नाही, आणि ही उणीव खरी आहे. बुद्धिवादी मंडळी ती हसण्यावारी नेतात, ते मला पटत नाही.

पण त्या रात्री काय काय झालं तेही सांगतो. कुणी पैसे गोळा केले, कुणी त्याची बॅग भरली, वॉचमनकाकांनी रिक्षा आणली, आणि दोघं त्याच्याबरोबर एस.टी.नं थेट गावापर्यंत गेले. त्या दोघांत एक रोज नमाज पढणारा, एक माझ्यासारखा. एस.टी.त कुणी कुणाला श्रद्धा विचारली नाही. परत आल्यावर त्याची जर्नल्स आम्ही वाटून पूर्ण केली. (सर, हे वाचत असाल तर कृपया दुर्लक्ष करा.) मला अर्थ सापडतो तो इथे. ज्याची श्रद्धा आहे त्यालाही तो इथे सापडत असेल. माझी त्यावर मक्तेदारी नाही.

म्हणूनच खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा असते तेव्हा मी तोंड वाकडं करून रूमवर बसत नाही. हात जोडत नाही, पण आदल्या दिवशी मामांबरोबर लेथ पुसून काढतो, कारण वर्षभर त्या मशीनवर आमची बोटं शाबूत ठेवण्याचं काम मामाच करतात. आणि हो, प्रसादाचं खोबरं मी खातो.