"खालचा रस्ता आता बंद" असं रुग्णाला सांगू नका!

गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया होते. आतला जोड भरून येईपर्यंत लहान आतडं पोटावर काढून पिशवी लावतात. याला तात्पुरती इलिऑस्टॉमी म्हणतात. घरी सोडताना रुग्णाला सांगितलं जातं, "काही महिने खालचा रस्ता बंद."

हे वाक्य चूक आहे. रस्ता बंद नसतो, फक्त वाहतूक वळवलेली असते. खालचं मोठं आतडं जिवंत असतं. त्याचं अस्तर मल येवो न येवो, रोज चिकट स्राव, म्हणजे आव, तयार करतच राहतं. तो साठला की शौचाची भावना होते आणि पांढरट, पिवळसर, कधी तपकिरी असं काहीतरी पडतं. लूप प्रकारात तर थोडा मलही पिशवी चुकवून खाली उतरू शकतो. पण "बंद" ऐकून घरी गेलेल्या माणसाला वाटतं, टाका सुटला, नाहीतर आजार उलटला. मग तो लाजेपोटी दाबून धरतो. आव सुकून त्याचा गोळा होतो आणि दुखणं वाढतं. करायचं एवढंच होतं: कमोडवर निवांत बसायचं, कुंथायचं नाही.

"सगळं सांगितलं तर रुग्ण घाबरतो," असं काही सहकारी म्हणतात. मला हे पटत नाही. माणूस घाबरतो तो न सांगितलेलं अचानक समोर आल्यावर, तेही रात्री दोन वाजता.

शिवाय न सांगितल्यामुळे खरी धोक्याची खूण कोणती, हेही त्याला कळत नाही. ताजं रक्त, दुर्गंधी पू, ताप, ओटीपोटात वाढती वेदना यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला गाठायचं. जोड कच्चा असतो, म्हणून त्यांना विचारल्याशिवाय एनिमा किंवा खालून ठेवायची गोळी घ्यायची नाही.

दुसरा सल्ला असाच अर्धवट: "भरपूर पाणी प्या." पिशवीत दिवसाला दीड लिटरच्या वर पातळ जाऊ लागलं, तर पाण्याबरोबर मीठही जातं. अशा वेळी नुसतं पाणी पीत राहिलं तर पिशवी आणखी भरते आणि शरीर कोरडंच राहतं. नारळपाण्यातही सोडियम कमीच. एक लिटर पाण्याचं ओआरएसचं पाकीट लागतं (गोड टेट्रापॅक नव्हे!), आणि डॉक्टरांना फोनही. लघवी कमी झाली, उभं राहताच चक्कर आली तर थेट दवाखाना. उलट पिशवीत काही तास काहीच आलं नाही, पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडलं असण्याची शक्यता असते. तेव्हाही वाट पाहायची नाही.

हे सांगायला पाच मिनिटं लागतात. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं इंग्रजीत असोत, पण एवढ्या चार ओळी मराठीत लिहून मागा. दिल्या नाहीत तर खुर्चीवरून उठू नका.