पाच तारे दिले, पण नोकरी कुठे लागली?

हॉटेलात नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी ऑनलाइन इंग्रजीचे कोर्स आता मोबाइलवर सहज मिळतात. कोर्स संपला की फॉर्म येतो: शिकवणं आवडलं का? पाचपैकी किती तारे द्याल? ताऱ्यांची सरासरी काढली की 'विद्यार्थी समाधानी' असं म्हणता येतं. समाजशास्त्राची संशोधक म्हणून मला या समाधानाबद्दल तीन प्रश्न पडतात.

पहिला, फॉर्म भरतं कोण? घरात एकच मोबाइल, तोही दिवसभर वडिलांसोबत कामावर. अशा घरातली मुलगी कोर्स अर्ध्यावर सोडते आणि शेवटच्या फॉर्मपर्यंत पोचतच नाही. तिचं असमाधान सरासरीत येत नाही.

दुसरा, तुलना कशाशी? ज्याला शाळेत इंग्रजी कुणी धड शिकवलंच नाही, त्याला साधा व्हिडिओही मोलाचा वाटतो. पण चिडलेल्या पाहुण्याशी बोलायला व्हिडिओ पाहून येत नाही. त्यासाठी समोर बोलणारं आणि चूक सुधारणारं माणूस लागतं.

तिसरा, पुढे काय? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, कामातला वापर आणि परिणाम. समाधान ही फक्त पहिली पायरी. आपल्या समाजासाठी खरा प्रश्न चौथीवर आहे. तोच कोर्स केलेल्यांपैकी रिसेप्शनवर कोण उभं राहिलं आणि भांडी घासायला, संडास साफ करायला कोणाला पाठवलं? 'प्रेझेंटेबल' या एका शब्दाआड रंग, आडनाव, उच्चार सगळं लपवता येतं. खासगी हॉटेलांना आरक्षण लागू नाही, त्यामुळे जाब विचारायलाही जागा उरत नाही.

संविधानाच्या कलम १५(२) ने हॉटेलचं दार ग्राहक म्हणून आपल्याला उघडलं. काउंटरमागची जागा अजून मिळवायची आहे.

ग्रामीण तरुणांसाठी २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेत निम्मा निधी अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला आहे. असा सार्वजनिक पैसा जिथे लागतो, तिथे हिशेबही सार्वजनिक हवा. प्रवेश किती जणांनी घेतला, कोर्स पूर्ण कोणी केला, कोणत्या विभागात नोकरी लागली, सहा महिन्यांनी पगार किती, हे सगळं जात आणि लिंगानुसार जाहीर करा. सावित्रीमाईंनी इंग्रजी शिकायला सांगितलं ते गुलामी तोडण्यासाठी. ती तुटते आहे का, हे ताऱ्यांवरून कळणार नाही.